वसईच्या वेढ्यांतील पूर्वजांचा शोध

दसऱ्याच्या सकाळीं भिंतीवरची तलवार खालीं उतरवावी, पुसून तिला हळदकुंकू वाहावें, आणि घरांतील वडील माणसानें मुलांना सांगावें कीं, ही तलवार चिमाजीआप्पांच्या फौजेबरोबर वसईच्या तटावर चढली होती. वसईकडील कांहीं घरांतून ही गोष्ट सांगितली जाते, आणि वसईपासून दूर मावळांत किंवा साताऱ्याकडेही ती ऐकावयास मिळते. कारण त्या मोहिमेस माणूस साऱ्या महाराष्ट्रांतून आला होता. तलवारीवर नांव कोरलेलें नसतें. मुलांपैकीं एखादा चौकस असला तर तो विचारतो, चढला तो कोण? त्याचें नांव काय? येथें वडील अडखळतात. आपल्या मूळपुरुषांपैकीं कोणी तरी, एवढेंच उत्तर मिळतें.

१६ मे १७३९ रोजीं वसईच्या पोर्तुगीजांनीं तहाच्या अटी मान्य केल्या आणि आठवड्याभरांत ते किल्ला सोडून गेले. या गोष्टीस पावणेतीनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. एवढ्या काळांत गोष्ट शिल्लक राहिली आणि नांव तेवढें हरवलें, यांत नवल नाहीं. नवल हें कीं, नांव सांपडण्याचा संभव अजूनही आहे. मात्र तें ज्या कागदांत सांपडावें असें घरच्या मंडळींना वाटतें, त्या कागदांत तें बहुधा नसतें.

घरच्या मंडळींची कल्पना अशी असते कीं, एवढी मोठी फौज होती त्या अर्थीं तिची एक मोठी यादी असलीच पाहिजे. ती उघडावी, आडनांव पाहावें, आणि काम झालें. अशी यादी जगांत कोठें नाहींच असें नाहीं. युरोपांतील डेन्मार्क या लहानशा देशांत ती आहे. तेथें १७८८ च्या कायद्यानें शेतकरी वर्गांतील मुलगा जन्मला कीं त्याचें नांव लष्कराच्या भरतीच्या वहींत चढूं लागलें. बापाचें नांव, मुलाचें नांव, जन्मगांव, वय, पुढें उंची, राहण्याचें ठिकाण, असे त्या वहीचे रकाने. दर तीन वर्षांनीं मुख्य वही नवी होई आणि मधल्या वर्षीं नव्यानें आलेल्यांची पुरवणी निघे. मुलगा चाकरीसाठीं दुसऱ्या गांवीं गेला तर जुन्या गांवच्या वहींत तो कोठें गेला तें लिहिलें जाई आणि नव्या गांवच्या वहींत तो कोठून आला तें. त्यामुळें अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या डॅनिश माणसाचा पणतू आज कोपनहेगनच्या सरकारी दप्तरखान्यानें प्रसिद्ध केलेल्या वह्यांच्या प्रतिमा घरबसल्या पाहतो आणि एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकावर जात जात आपल्या पणज्याच्या झोंपडीपर्यंत पोंचतो. राजाला त्या पोरांचें कौतुक होतें असें मुळींच नव्हे. पुढें हीं पोरें पलटणींत ओढावयाचीं होतीं, म्हणून तीं पाळण्यांत असतांनाच मोजून ठेवलीं. सरदारांचीं व बहुतेक शहरी लोकांचीं मुलें १८४९ पर्यंत या मोजणींतून सुटलीं होतीं. तेव्हां त्या देशांतही लष्कराच्या वहींत सांपडतो तो मुख्यतः गरिबाचाच पूर्वज.

मराठ्यांच्या राज्यांत अशी सक्तीची भरती नव्हती, म्हणून अशी वहीही नव्हती. पेशव्यांचा करार शिपायाशीं नसून बहुधा सरदाराशीं असे. अमुक सरदारानें इतके स्वार बाळगावे, त्याबद्दल त्याला इतक्या उत्पन्नाचा सरंजाम तोडून दिला. स्वारांत कोणी शिलेदार, म्हणजे स्वतःचें घोडें आणणारा. कोणी बारगीर, म्हणजे सरकारच्या किंवा दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा. पायदळास हशम म्हणत, आणि त्यांचा हिशेब त्यांच्या नाईकाच्या नांवें होई. पुण्याच्या कारकुनापुढें जो आंकडा येई तो असा: अमुक नाईक, असामी पंचवीस. त्या पंचवीस असामींत ज्याची तलवार आज भिंतीवर आहे तो होता कीं नव्हता, हें त्या ओळीवरून कळावयाचें नाहीं. नाईकाजवळ त्यांचीं नांवें असलीं तरी तो कागद नाईकाच्या घरीं राहिला, आणि घरच्या कागदांचें काय होतें हें ज्यांच्या माळ्यावर पावसाळ्यांत गळती लागते त्यांना सांगावयास नको.

हजेरीच्या वेळीं मात्र सरकार थोडें जवळ येऊन पाहत असे. शिलेदारानें पंचवीस घोडीं दाखवून पन्नासांचा पैसा घ्यावा, ही लबाडी सर्व काळीं होती. तिला आळा म्हणून चेहरेपट्टी लिहीत: माणसाचें नांव, बापाचें नांव, वर्ण, अंगावरील खूण, घोड्याचा रंग. एखाद्या घराण्याला आपल्या पूर्वजाची चेहरेपट्टी लाभली तर तें भाग्यच म्हणावयाचें. तसबीर नसलेल्या माणसाच्या गालावरचा वण तीनशें वर्षांनंतर वाचावयास मिळतो, आणि तोही त्याच्यावर विश्वास नव्हता म्हणून!

परंतु शोधाची खरी जागा याहून वेगळी आहे. मराठी राज्याचा कारकून सामान्य शिपायाचें नांव गांव लावून, बाप सांगून, नीट लिहितो, तें कांहीं देणें निघालें म्हणजे. घोडें पडलें, त्याची किंमत मागितली. हात गेला, जखमेच्या औषधास पैसे दिले. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे माणूस ठार झाला व मागें बायको-पोरें राहिलीं. अशा कुटुंबाला रोख, धान्य किंवा जमीन देण्याची जी चाल होती तिला बालपरवेशी म्हणत. त्या नोंदींत मेलेल्याचें नांव येतें, तो कोणाच्या पथकांत होता तें येतें, कोणत्या लढाईंत कामास आला तें येतें, आणि ज्यांना पोटाला द्यावयाचें त्यांचीं नांवें येतात. बापाच्या नांवाआधीं ‘बिन’, मुसलमान असल्यास ‘वलद’, आणि बाईच्या नवऱ्याच्या नांवाआधीं ‘कोम’, अशीं हीं तीन लहान अक्षरसमूहांचीं दारें आहेत. त्यांतून गेलें म्हणजे एका ओळींत दोन पिढ्या व एक स्त्री सांपडते. घराण्यांच्या छापील वंशावळींत स्त्रियांचीं नांवें शोधूनही मिळत नाहींत. फौजेच्या खर्चाच्या कागदांत तीं मिळतात, कारण पैसा तिच्या हातीं द्यावयाचा होता.

तेव्हां वसईच्या वेढ्यांतला पूर्वज शोधणाऱ्यानें विजयाचीं पत्रें आधीं न वाचतां खर्चाचे कागद आधीं पाहावे, हें बरें. वसईची मोहीम १७३७ च्या वसंतांत ठाणें व साष्टी घेऊन सुरू झाली आणि दोन वर्षें चालली. तिची किंमत भारी पडली. ग्रँट डफनें मराठ्यांकडील ठार व जखमी पांच हजारांवर सांगितले आहेत. इतक्यांपैकीं इतिहासाच्या पुस्तकांत किती नांवें आलीं? जानेवारी १७३९ मध्यें तारापूरच्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर पडला. त्याच्या मृत्यूचें दुःख पेशव्यांच्या घरापर्यंत पोंचलें आणि त्याच्या आईस सांत्वनाचें पत्र गेलें. अंजूरच्या गंगाजी नाईकाचें नांव राहिलें, कारण पोर्तुगीजांविरुद्धच्या या कामांत तो व त्याचे भाऊ पहिल्यापासून होते आणि त्या घराण्यानें आपली हकीकत लिहून ठेवली. खंडोजी माणकर, रामचंद्र हरी पटवर्धन, शंकराजी केशव फडके हीं नांवें पत्रापत्रांतून येतात. सॅन सेबॅस्टियन बुरुजाखालीं सुरुंग खणण्यासाठीं जे लोक पोटावर सरपटत गेले, त्यांचीं नांवें पत्रांत नाहींत. त्यांची मजुरी कोणी तरी कोठें तरी खर्चीं टाकली असेल. तेवढीच त्यांची आशा.

हे कागद कोठें आहेत, याचें उत्तर सोपें आहे. पुण्याचा दप्तरखाना, ज्याला लोक अजून पेशवे दप्तर म्हणतात आणि जो आतां पुणें पुरालेखागार म्हणून ओळखला जातो, तेथें हजारों रुमाल आहेत. रोजकीर्द म्हणजे दिवसाचा जमाखर्च. घडणी म्हणजे त्याच नोंदी विषयवार व माणूसवार लावलेल्या. प्रांत अजमास म्हणजे प्रांताचे वार्षिक अंदाज. शिवाय चिटणिशी दप्तर, जमाव, पागा व पथकें. शिपायाचा माग काढणाऱ्यास घडणी व पथकें हे विभाग सर्वांत उपयोगी. या दप्तरांतील निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस खंडांत छापले, आणि वसईच्या मोहिमेचीं पत्रें त्यांत स्वतंत्र दिलीं आहेत. हे खंड शहरांतील मोठ्या ग्रंथालयांतून पाहावयास मिळतात, म्हणून पुष्कळ लोकांचा शोध तेथें सुरू होतो. आणि सूचींत आडनांव नाहीं असें पाहून तेथेंच संपतो. ही घाई बरी नव्हे. निवड करणाऱ्यानें राजकारणाचीं पत्रें निवडलीं. एका शिपायाच्या विधवेस मिळालेले चार खंडी भात त्याला निवडण्यासारखें वाटलें नाहीं, आणि त्याच्या दृष्टीनें तें बरोबरही होतें. जें छापलें त्याच्या कित्येक पट न छापलेलें तसेंच बांधून ठेवलेलें आहे. वसईच्या घराण्याला हवें आहे तें त्या न सोडलेल्या रुमालांत.

ते रुमाल सोडण्यापूर्वीं दोन विद्या लागतात. पहिली मोडी. मोडी वाचतां येणारा वृद्ध पूर्वीं प्रत्येक गांवीं असे; आतां तिचे वर्ग चालतात आणि तरुण मंडळी ती हौसेनें शिकतात. दुसरी विद्या कालगणनेची, आणि हिच्यावर चांगले चांगले शिकलेले लोक अडतात. दप्तरांत इसवी सन नाहीं. वसई घेतली तें वर्ष तेथें ‘सन तिसा सलासीन मया व अलफ’ असें येतें. हे अरबी आंकडे आहेत: नऊ, तीस, शंभर, हजार, मिळून ११३९. या शुहूर सनाचें वर्ष मृग नक्षत्रीं लागतें. त्यांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढें ६०० मिळविले कीं इसवी सन येतो. त्याच वेळीं मुंबईचा इंग्रज जुन्या पद्धतीनें तारीख लिही, ती पोर्तुगीजांच्या तारखेहून ११ दिवस मागें असे, आणि हा फरक १७५२ पर्यंत राहिला. त्यामुळें एकाच हल्ल्याच्या तीन तारखा तीन दप्तरांत मिळतात. आपला पूर्वज वसई पडल्यानंतर वेढ्यांत जखमी झाला, असा चमत्कारिक निष्कर्ष काढणाऱ्यानें पूर्वजाला दोष देण्याआधीं पंचांग तपासावें.

आणि एक सावधगिरी. पुष्कळ घराण्यांजवळ एक सुबक वंशावळ असते, तिच्यावर सरकारी शिक्का असतो, आणि तीच पुराव्याची शेवटची पायरी असें मानलें जातें. अशा वंशावळी बहुधा इनाम कमिशनच्या वेळच्या. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील इनामांची चौकशी पक्की झाली. जमीन कोणी दिली, केव्हां दिली, कशाबद्दल दिली, आणि आज खाणारा त्याचा वंशज आहे हें कशावरून, हें ज्याला कागदानें दाखवितां येईना त्याची जमीन गेली किंवा तिच्यावर आकार बसला. शंभर वर्षांपूर्वीं वसईस पडलेला पूर्वज तोंडीं पुरेसा नव्हता. तो कागदावर हवा होता. घरोघरच्या पेट्या उघडल्या, सनदा निघाल्या, कैफियती लिहिल्या, वंशावळी जोडल्या. त्यांतील बहुतेक खऱ्या आहेत. पण त्या ज्या घाईनें व ज्या भीतीनें लिहिल्या ती विसरूं नये. एखादा निपुत्रिक चुलता नाहींसा होतो, दत्तक औरस होतो, आणि पथकांतला साधा बारगीर एका पिढींत सरदार होऊन बसतो. ज्याची भाकर वंशावळीवर अवलंबून आहे त्यानें वंशावळ काढली, तर ती मूळच्या १७३९ च्या आसपासच्या नोंदीशीं ताडून पाहणें आलेंच. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या अशा वेळीं फार कामास येतात. तेथें यात्रेकरूनें स्वतःचें, बापाचें, आजाचें नांव श्राद्धासाठीं सांगितलेलें असतें, इनामासाठीं नव्हे.

वसईचा विषय निघाला म्हणजे तटाच्या आंतल्या बाजूस कोण होतें हेंही पाहिलें पाहिजे. वसई तालुक्यांतील ख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न अधिक नाजूक वाटतो. सामवेदी, वाडवळ इत्यादि समाजांतील जे लोक पोर्तुगीज अमलांत ख्रिस्ती झाले, ते १७३९ नंतरही येथेंच राहिले. गोऱ्या फिडाल्गोंचीं कुटुंबें गोवें-दमणकडे निघून गेलीं. येथें आडनांव हा वाटाड्या फसवा आहे. परेरा किंवा डिमेलो हें नांव बाप्तिस्म्याच्या वेळीं पाद्री किंवा पाठीशीं उभा राहणारा पालक यांच्याकडून आलेलें असूं शकतें. त्यावरून लिस्बनच्या शिपायाशीं रक्ताचें नातें जोडणें म्हणजे तलवार पाहून सरदारकी जोडण्यासारखेंच. या घरांचा भरवशाचा धागा चर्चमधील बाप्तिस्म्याच्या व लग्नाच्या नोंदींत आहे. लष्करी कागद पाहावयाचे तर ते पणजीच्या दप्तरखान्यांत. दियोगो दो कोतो हा इतिहासकार १५९५ मध्यें त्याचा पहिला रक्षक झाला. हिंदुस्थानांतील जुन्यांत जुन्या दप्तरखान्यांपैकीं तो एक. १५५४ मध्यें सिमांव बोतेल्यो यानें केलेल्या जमिनींच्या नोंदींत वसईचीं गांवें आहेत. पोर्तुगीज धन्याला गांव मिळे तें ठराविक फोर भरण्याच्या व संरक्षणासाठीं घोडा बाळगण्याच्या बोलीवर. सरंजामाचा आणि या पद्धतीचा सांधा किती सारखा आहे! आणि दोहोंकडे दोषही तोच: घोडा बाळगणाऱ्याचें नांव लिहिलें, घोड्यापुढें पायीं चालणाऱ्याचें नाहीं.

पेशवाई गेली तेव्हां ही रीत गेली असें समजण्याचें कारण नाहीं. कंपनीच्या मुंबई लष्करांत भरती होणाऱ्या शिपायाचें नांव, बाप, जात, गांव, परगणा, वय, उंची हें सारें पलटणीच्या वहींत लिहीत. वही पलटणीबरोबर फिरे, आणि पलटण मोडली कीं वहीचा भरवसा नसे. कोरेगांव भीमा येथें १ जानेवारी १८१८ च्या लढाईंत पडलेल्यांचीं नांवें स्तंभावर कोरलीं, त्यांत वीसाहून अधिक महार शिपायांचीं ‘नाक’ शेवट असलेलीं नांवें बापाच्या नांवासह आहेत. गांव नाहीं, पण दोन पिढ्या दगडांत उतरल्या. शंभर वर्षांनंतर पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. ११० वी मराठा लाइट इन्फंट्री कूतच्या वेढ्यांत सांपडली आणि एप्रिल १९१६ च्या शरणागतींत कैद झाली. त्या रणांगणासाठीं बसरा येथें १९२९ मध्यें स्मारक उभें राहिलें. त्याच्यावर गोऱ्या शिपायांचीं व हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं. साध्या हिंदी शिपायांचा पलटणीपुढें नुसता आंकडा घातला. अमुक नाईक, असामी पंचवीस! २०२१ मध्यें राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगानें या भेदभावाची चौकशी करून जाहीर क्षमा मागितली. महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत संगमरवरी पाटी आहे, तिच्यावरही या गांवांतून इतके गेले आणि इतके मेले, एवढेंच. नांवें मात्र आयोगाच्या नोंदपुस्तकांत असूं शकतात, पुष्कळदां बापाचें नांव, गांव, तालुका व जिल्हा यांसह. तीं संगणकावर पाहतां येतात. एखाद्या घरांत चौदा सालच्या लढाईचें बिल्ला-पदक असेल, तर त्याच्या कडेवरचा क्रमांक व पलटणीचें नांव आधीं उतरून घ्यावें; घासून चकचकीत करण्याच्या नादांत तें पुसट होतें.

तलवारीच्या घरांतील मंडळी पुण्यास निघालीं, तर बरोबर काय न्यावें? आडनांव नेलें नाहीं तरी चालेल, कारण त्या काळच्या कागदांत तें अनेकदां नसतें किंवा वेगळें असतें. मूळ गांव कोणत्या तर्फेंत व प्रांतांत होतें तें न्यावें. गांवचा पाटील किंवा वतनदार कोणत्या सरदाराच्या पदरीं होता तें विचारून घ्यावें, कारण शिपाई सरदाराच्या मागें सांपडतो. घरांत देवकार्यांत कोणाकोणाचीं नांवें घेतात तें एखाद्या म्हाताऱ्या आत्येला विचारावें. तिला जेवढें आठवतें तेवढें छापील वंशावळींत नसतें. मग तिसा सलासीन आणि त्यापुढील चार-पांच वर्षें, त्या सरदाराचें पथक, आणि बालपरवेशीच्या नोंदी. वेढ्यांत माणूस गेला तरी त्याच्या कुटुंबाची व्यवस्था पुष्कळदां एकदोन वर्षांनीं लागे. म्हणून वसई पडली त्याच वर्षांत शोध थांबवूं नये.

अशा नोंदींत कधीं कधीं पुढची ओळही मिळते. मुलगा लहान, म्हणून नेमणूक आईच्या हातीं. आणि कांहीं वर्षांनीं तोच मुलगा जाणता झाला, घोड्यावर बसूं लागला, सबब बालपरवेशी बंद करून त्याला बापाच्या जागीं पथकांत चाकरीस घेतलें. भिंतीवरची तलवार त्या मुलाचीही असूं शकते.